दोन मिशा

पारोळ्यात चैत्र. साडेसहा वाजून गेले
तरी ओट्याची फरशी तापलेलीच.
सदाफुलीपाशी ते आलं, हवेतच थबकलं,
लांब सोंड फुलात घालून.

शेजारच्या झेलाबाई म्हणाल्या, पाखरू शे.
मी सतरा फोटो काढले.
सोळांत नुसती फुलं.
एकात राखाडी धूर, त्याच्या मधोमध एक डोळा
आणि दोन मिशा.

पक्ष्याला मिशा नसतात.

वहीत घाईने लिहिलेलं ‘शिंजीर’ खोडलं.
पतंग. कुठला, ते पुढच्या खेपेला.

झेलाबाईंना मिशा बोटांनी मोठ्या करून दाखवल्या.
त्यांनी चष्मा लावला, काढला, पदराने पुसला.
“तुन्हा फोटूमा किडा व्हई.
मना डोयासमोर पाखरूच उनं.”