एक जुलैची खोकी

जून लागला तशी मी खोक्यांवर डोळा ठेवून आहे.
या शहराची रीतच तशी. एक जुलैला
अर्धं माँट्रियल उरलेल्या अर्ध्याच्या घरात राहायला जातं,
आणि त्याआधी महिनाभर
एक धड दणकट खोकं मिळायलासुद्धा नशीब लागतं.

कोपऱ्यावरचा विल्नेर अंड्यांची खोकी माझ्यासाठी बाजूला काढतो.
हात घालायला दोन्हीकडे भोकं, कडा शाबूत.
"मादाम जिस्लेन, केळ्यांचीही न्या," म्हणाला,
"पण त्यांना तळ नसतो, आधीच सांगतो."
आणली तीही.
तळाशी पुठ्ठा सरकवायचा, वर दुसरा आडवा,
आणि फार विचार न करता उचलायचं.
अठ्ठावन्न वर्षं मी तरी आणखी काय केलं?

दारूच्या दुकानातलं खोकं सगळ्यांत देखणं.
आत बारा खण, बाटलीला बाटली लागू नये म्हणून.
प्रत्येक खणात एक पेला उभा केला.
पेले भरले अकरा.
बाराव्या खणात रेजाँचा दाढीचा ब्रश ठेवला,
का ते विचारू नका,
मापात बसला.

सुतळी, कात्री, चिकटपट्टीचे सहा रोल.
पट्टीचं टोक हरवतं, नखानं शोधत बसावं लागतं,
सापडलं की ती अशी किंचाळते
की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं.
जाड काळ्या पेनानं नावं घालत गेले:
स्वयंपाकघर. स्वयंपाकघर. चादरी.
बाथरूम आणि थोडं स्वयंपाकघर.
रात्री अकरानंतरच्या खोक्यांवर नुसतंच
"काय आहे ते मला माहीत आहे."

लांब नाही जात. दोन गल्ल्या पलीकडे, तळमजला.
गुडघ्यांनी ठरवलं, मी फक्त सही केली.
बाहेरचा हा लोखंडी जिना, पिळलेल्या फडक्यासारखा,
सव्वीस हिवाळे बर्फ खरवडून खरवडून
त्याला पायऱ्या किती ते माझ्या पायांना पाठ,
मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

काल कपाटाच्या वरच्या फळीवर, अगदी मागे,
एक खोकं निघालं. बांधलेलं.
गाठ रेजाँची, त्याच्या गाठी सुटत नसत, कापाव्या लागत.
वर त्याच्याच हातचं तिरकं अक्षर:
"पुढच्या वेळेसाठी."

आत सामान नव्हतं.
वर्तमानपत्रं होती, सव्वीस वर्षांपूर्वीची.
आम्ही इथे आलो तेव्हा कपबश्यांना गुंडाळलेली,
मग एकेक सुरकुती हातानं काढून
चौकोनी घड्या घातलेली.
शेजारी सुतळीचे तुकडे, लांबीप्रमाणे लावलेले.
त्याच्या कंजूषपणावर मी जन्मभर तोंडसुख घेतलं,
आणि हा बाबा माझ्या निघण्याची
तेव्हाच तयारी करून बसला होता.
अर्थात, आपण दोघं निघू असंच धरून.

जमिनीवर बसून वाचत राहिले.
अर्धवट सुटलेलं शब्दकोडं. स्वस्त फ्रिजची जाहिरात.
तीस जूनच्या अंकात हवामान:
उद्या ऊन, संध्याकाळी सरी.
आल्या होत्या सरी. गादी भिजली होती.
तिच्यावर मेणकापड टाकून आम्ही
हसत हसत झोपलो होतो.

एक कागद बशीला लावून पाहिला.
घडीवरच मोडला, भाजलेल्या पापडासारखा,
बोटांना पिवळी भुकटी.
मग बश्या गुंडाळल्या टॉवेलात, मोज्यांत,
त्याच्या एका लाल स्वेटरात,
आणि ते खोकं पुन्हा बांधलं.
माझी गाठ सुटते, तीच घातली.

आज सकाळी टेम्पो तासभर उशिरा आला.
नवे भाडेकरू खाली येऊनही बसलेत,
दोन पोरं, एक तान्हं, फूटपाथवर त्यांचा सोफा.
विल्नेरच्या भाच्यानं ते खोकं उचललं, थबकला.
"केवढं जड! काय आहे यात?"
कागद, म्हटलं.
"महत्त्वाचे?"

पलीकडच्या बाल्कनीतून कुणाचं तरी कपाट
दोरानं खाली उतरत होतं, गिरक्या घेत,
आणि आख्खी गल्ली माना वर करून ओरडत होती.

हळू ने रे, म्हटलं,
वरून सातवी पायरी हलते.