सहा फूट

जेल रोडच्या मागे, एका वितरकाच्या बंद गोदामात
पत्र्याचे दोनशे अकरा डबे निघाले.
पिक्चरच्या आधी दाखवायची ती वार्ताचित्रं.
लोक म्हणे तेवढ्यात शेव घ्यायला बाहेर जायचे.
झाकण उघडलं की आंबूस वास, लोणचं नासल्यासारखा.
फिल्म मरताना असाच वास सोडते.
मी पुसतो, जोडतो, मोजतो, नोंद करतो.

नोंदवहीतला रकाना अरुंद आहे.
“सैनिक, बोटीवर चढताना. बेचाळीस फूट.”
“मोठा जमाव, रेल्वेच्या टपावर. तीस.”
“गिरणीचं फाटक, लाठीमार. अठरा.”
“दुष्काळ, रांग.” याच्यापुढचा आकडा राहिला,
त्या दुपारी लाइट गेली.

मग दर गुरुवारी सरस्वती वाघमोडे यायला लागल्या.
एम. वाय. मधून निवृत्त झालेल्या नर्स,
पिशवीत दोन चष्मे, दोन डब्यांत.
महूहून गाडीत बसून गेलेला बाप शोधत होत्या.
तो गेला तेव्हा त्या पोटात.
फोटो नाही. जळाला, किंवा काकांनी नेला,
दोन्ही गोष्टी ऐकलेल्या.
आईनं खूण सांगितलेली एकच : डावखुरा होता.
जेवायचा तेवढा उजव्या हातानं, धाकानं.

बाप सापडेना. पण बाईंची नजर वॉर्डातली.
बोटीवरचा तिसरा : “याला हिवताप चढतोय, दात बघा कसे आवळलेत.”
फाटकापाशी लाठी उगारलेला : “हा स्वतःच घाबरलाय हो.”
टपावरच्या गर्दीत बोट ठेवून :
“ही आठव्या महिन्यात आहे. हिला खाली उतरवा.”
उतरवा, म्हणाल्या.
आणि मी, साठ वर्षांनी, मशीन थांबवलं.
ती टपावरच राहिली, पदर वाऱ्यात अडकलेला.
रांगेतल्या पोराबद्दल काही बोलल्या नाहीत,
फक्त चष्मा बदलला.

मी रकान्याबाहेर लिहायला लागलो. समासात.
मग मागच्या पानावर.

डबा एकशे सत्तर. झाकणावर खडूनं “ब्रह्मदेश?”
प्रश्नचिन्ह कुणाचं, ठाऊक नाही.
बांबूचं बन, चिखल, खोक्यावर बसलेला एक जण,
एका पायाला पट्टी.
आपल्याकडे बघतो, कसनुसा हसतो,
जर्मनचा मग उचलतो
(धातू म्हणतोय मी)
डाव्या हातानं.

चार सेकंद. शहाण्णव चौकटी. सहा फूट.
माणसाला लागते तेवढीच जागा.

“परत,” म्हणाल्या.
अकरा वेळा तो चहा प्यायला.
बाराव्या वेळी मला खोक्यावरची अक्षरं दिसली.
उलटी.
तुकडा जरा धूसर होता, मी म्हटलं होतं, वयानं.
कधीतरी फिल्म तुटली असणार,
आणि घाईत कुणीतरी ती पालथी जोडली.
त्या सहा फुटांत सगळेच डावखुरे होते.

सांगावं की नाही, हे ठरण्याआधीच
हातानं आपलं काम केलं.
सांधा सोडवला, तुकडा सरळ केला, लावला.
त्यानं उजव्या हातानं मग उचलला.
हसला मात्र तसाच.

गल्लीत कोणी स्कूटरला किक मारत होतं,
ती सुरू होत नव्हती.
बाईंनी चष्मा डब्यात ठेवला, डबा पिशवीत.
“सदऱ्याच्या गुंड्या उलट्या बाजूला होत्या,
पहिल्यांदाच दिसलं मला.
म्हटलं, चहा तरी होऊ दे त्याचा.”

दारापाशी गेल्या, थांबल्या.
“लिहून ठेवा,
पायाची पट्टी बदलायला झालीय.”