मंगळवारची हाऊजी

पहिल्या मंगळवारी मी नव्वद आकड्यांची पिशवी घेऊन गेले.
दुसऱ्याच आकड्याला बेहेरे मास्तर उठून उभे :
'सत्तेचाळीसनंतर बारा? कुठल्या शाळेत होतीस?'
मग ओळीनेच म्हटले. एक, दोन, तीन,
पार नव्वदपर्यंत.
सगळ्यांची हाऊजी एकदमच झाली.
मास्तरांनी टाळी वाजवली. मीही.

पुढच्या मंगळवारी तिकिटं मोठी केली,
सहाच घरं, ठळक शाई.
घरं झाकायला सुपाऱ्या दिल्या.
चौघांनी खाल्ल्या,
दात नसताना कशा, ते अजून कळलेलं नाही.
शिंपले दिले,
तर पावसेबाई ते नखांनी उघडत बसल्या.
शेवटी करवंटीचे तुकडे, घासून गोल केलेले,
इस्माईलचाचांच्या हातचे.
चाळीस वर्षं जहाजावर होते ते.
कानस दिली की त्यांचे हात विचारत नाहीत
आज वार कोणता.

शिकवताना आम्हाला सांगितलं होतं :
हरणं काढून टाका. घड्याळ काढून टाका.
'आठवतंय का' हे दोन शब्द तर सगळ्यात आधी.
एवढं काढल्यावर खेळात उरतं काय,
ते सांगायचं राहून गेलं.

पाचव्या मंगळवारी आकडेच काढले.
रात्रपाळीत बसून मासे रंगवले,
बांगडा, सौंदाळा, पापलेट, मुशी, सुरमई,
कर्लीचे काटे काही जमले नाहीत.
मास्तरांच्या तिकिटावर अळू, फणस, नीरफणस.

आमच्या खिडकीतून हर्णैचं बंदर दिसतं.
चारला होड्या लागतात,
बैलगाड्या चाकभर पाण्यात उतरतात,
लिलावाचा आवाज वाऱ्याबरोबर वर येतो,
शब्द खालीच राहतात.

मी पिशवीत हात घातला. 'सुरमई!'

तिकिटाकडे कुणी बघितलंच नाही.
चंद्रभागा पावसे,
ज्या गणपतीपासून एक अख्खं वाक्य बोलल्या नव्हत्या,
खुर्चीचे हात धरून उठल्या,
माझ्या हातातला कागद घेऊन फरशीवर मांडला,
पदर खोचला. अंगात गाऊन होता, तरी खोचला.
'बोला! ताजी हाय, डोला बघा डोला!'
'वीस,' इस्माईलचाचा.
'विसाला काटं मिळतील.'
'बावीस रुपये पन्नास पैसे,'
म्हणाले बेहेरे मास्तर,
ज्यांनी जन्मात मासळीबाजाराची पायरी चढली नव्हती.

नियम सांगायला मी तोंड उघडलं.
आणि मिटलं.

दारात हेमलता होती, त्यांची मुलगी,
दापोलीहून पैसे भरायला आलेली, हातात पावती.
'ए बाई, नुसती बघतेस काय? बोल.'
तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.
'तीस.'
'मोठ्यानं गो! दर्यावर जाऊ दे आवाज.'
'तीस!'
'दिली.'
सुरमई तिच्या ओंजळीत ठेवली,
वर एक बांगडा, फुकट :
'ने. घरात पोरं असतील.'

मग त्या बसल्या. चहा आला.
बशीत ओतून फुंकर घालता घालता विचारलं,
'कोण गो ती?'
'गिऱ्हाईक,' मी म्हटलं.
'नवीन दिसते. भाव करता येत नाय तिला.'
आणि पुन्हा गप्प झाल्या, जशा रोज असतात.

वहीत एक रकाना आहे : विजेता.
मी तो तसाच सोडलाय. मॅडम विचारतील.

हेमलतानं सुरमई पर्समध्ये ठेवली, घडी न घालता,
शेपटी चेनमधून बाहेर.
गेटाशी रिक्षा थांबेपर्यंत ती दिसत होती.
परत मागावी असं मला सुचलंच नाही.

आता मंगळवारच्या आत
एक सुरमई काढायची आहे, एक बांगडाही,
आणि रुपेरी रंग
जवळजवळ संपलाय.