विब्रेनची काच

तुमची काच आज पुन्हा कपाटातून काढली, विब्रेन.
मेणात बसवलेल्या नखाएवढ्या तुकड्याची
केसाहून पातळ चकती,
जांभळ्या-गुलाबी रंगात बुडवून वाळवलेली.
खिडकीबाहेर लेवार्डनचं आभाळ,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या पाटीसारखं.

एकाच काचेवर दोन कडा आहेत तुमच्या.
डावीकडे गाठ अजून सौम्य आहे.
नळ्या दाटीवाटीनं उभ्या, केंद्रकं लांबट,
पण आपापल्या ओळीत.
उजवीकडे ओळच नाही.
मधे बोटभरही अंतर नाही
आणि तेवढ्यात, आमच्या हिशोबानं, पंधरा-वीस वर्षं.

तुमची मुलगी येल्त्ये आली होती,
रबरी बूट दाराशी काढून, ओल्या मोज्यांवर उभी.
"कधी सुरू झालं?"
एवढंच विचारलं तिनं.

मी सांगितलं ते असं:
आधी एपीसी गेला.
त्याच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची;
एक गेली तर कुणाला पत्ताही लागत नाही.
दुसरी गेली, आणि एका पेशीला
पुरे म्हणणारं घरात कुणी उरलं नाही.
मग केरास. बाराव्या शब्दात एक अक्षर,
जी होता तिथे ए,
आणि दाबलेलं बटण वर येईना.
तेव्हाही ती नुसती गाठ होती,
तारेच्या फासानं सकाळच्या सकाळी निघाली असती,
दुपारी तुम्ही सायकलवरून घरी.
मग अठराव्या गुणसूत्राचा एक तुकडा हरवला.
आणि शेवटी पी-फिफ्टीथ्री,
जो बिघडलेल्या पेशीला मर म्हणतो.
त्यानं म्हणणं सोडलं.

क्रम नेहमी हाच असतो असं नाही, हेही सांगितलं.
बहुतेक गाठी जन्मभर गाठीच राहतात.

ती म्हणाली, "बिळांसारखं."

मला बिळं ठाऊक नव्हती. तिनं सांगितली.
एकतीस वर्षं तुम्ही कालव्यांच्या बांधांवर
पाणउंदीर पकडत होतात.
एका बिळानं बांध फुटत नाही, म्हणायचात.
दोनांनीही नाही.
वर गवत तसंच हिरवं, मेंढ्या तशाच चरतात,
शाळेची पोरं सायकली दामटतात.
आत एक बीळ दुसऱ्याला शोधत असतं.
मग फेब्रुवारीतली एखादी रात्र, वारा वायव्येचा,
आणि कालवा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात.
म्हणून तुम्ही छातीभर पाण्यात उतरायचात,
प्रत्येक भोकात खांद्यापर्यंत हात घालायचात.
डोळ्यांवर भरवसा नव्हता तुमचा.

तुमच्या शेडमध्ये तिला चार पाकिटं सापडली,
सरकारी, दर दोन वर्षांनी येणारी,
आत नमुना घ्यायची छोटी नळी.
तीन न उघडलेली.
चौथ्याच्या पाठीवर पेन्सिलीनं सापळ्यांचा हिशोब.
रक्त दिसलं होतं तुम्हाला, आदल्या उन्हाळ्यात.
मूळव्याध असेल, म्हणालात,
आणि विषय हवामानावर नेलात.

कुंपणानं शेत खाल्लं नाही इथे.
शेतच कुंपण ओलांडून गेलं,
आपल्याच मातीचं, आपल्याच बियाण्याचं,
म्हणून तर कुणी हटकलं नाही.

"बघू?" तिनं विचारलं.
मी खुर्ची सोडली.
पहिल्यांदा तिला स्वतःच्या पापण्याच दिसल्या,
सगळ्यांना तसंच होतं.
मग ती गप्प झाली. काच स्वतःच सरकवू लागली,
डावीकडून, हळूहळू, बांधावरून चालत गेल्यासारखी.
न सांगता थांबली ती नेमकी
जिथे स्नायूची बारीक रेघ तुटते
आणि तीन-चार नळ्या खाली उतरतात.

"इथून."
"हो."
"किती अरुंद आहे."

बूट चढवताना म्हणाली,
उद्या ड्राख्टेनच्या बाजूला जायचंय, पाणी चढलंय.
स्वतःच्या तपासणीचं मी विचारलं.
खिशातून कागद काढून तारीख दाखवली तिनं,
मंगळवार, सव्वाआठ,
आणि दुमडून परत ठेवला, चाकूशेजारी.

फरशीवर मोज्यांचे ठसे बराच वेळ ओले होते.
काच मी अजून कपाटात ठेवलेली नाही.
डावी कडा बघते आहे, विब्रेन.
इथे तुम्ही पन्नाशीत असाल.
इथे अजून काहीच झालेलं नाही.