अर्क क्रमांक चौदा

वाटलेली ब्राह्मी तीन दिवस मद्यार्कात भिजते,
मग गरगर फिरणाऱ्या काचेच्या चंबूत
दारू उडून जाते, हिरवा रंग मागे राहतो.
तळाशी उरतं ते डिंकासारखं, चमचाभर.
त्यावर मी चिठ्ठी लावतो : चौदा.

उंदीर पाण्यात सोडायचा, घड्याळ दाबायचं.
बुडालेली पायरी त्याला पहिल्या दिवशी
एकोणसाठ सेकंदांत सापडली, पाचव्या दिवशी अकरा.
नुसतं पाणी प्यालेले उंदीरही शिकलेच की,
जरा सावकाश.
एवढंच अजून आमच्या हातात.

माझी खोली सूरच्या खाडीकाठी, खमीस नाखव्याच्या माडीवर.
त्याची मुलगी शम्सा रोज रात्री
लोबानाचे खडे पाण्यात टाकते
आणि सकाळी ते दुधट पाणी म्हाताऱ्याला पाजते.
तिच्या आईनं, आईच्या आईनं हेच केलं.
पाणी पिऊन तो तिला अदबीनं विचारतो,
आपण कोणाच्या?

परवा जिन्यात तिनं मला अडवलं.
तुझ्या बाटलीतलं दे. थेंबभर.
मी म्हटलं, ते अजून उंदरांपुरतंच आहे, बाई.
माणसाला किती, सोसेल का, आम्हालाच ठाऊक नाही.
ती म्हणाली, तो तरी कुठे माणसांत आहे?
आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

नाखवा मला मात्र ओळखतो.
म्हणजे मला नाही, जयगडच्या धक्क्यावरच्या
कुणा धर्मू मुकादमाला.
मी जालन्याचा. समुद्र पहिल्यांदा बघितला
तो विमानाच्या खिडकीतून.
"धर्म्या, खारकेची पोती उतरली?"
मोडकीच मराठी, पण हिशेबाची. खणखणीत.
उतरली, मी म्हणतो.
"किती?"
तीनशे, मी आपलं ठोकून देतो.
तो बोटांची पेरं मोजत बसतो. खूप वेळ.
खाडीवर भरती चढते, समोरच्या मशिदीचा दिवा लागतो.
"तीनशे नव्हती. बावीस भिजली होती.
ती आपण रात्री मुकाट्यानं समुद्रात सोडली.
माझ्याशी खोटं बोलतोस?"

शम्सा दारात, हातात पेला.
काय म्हणाले?
मी सांगितलं. बापानं इतकी वर्षं
घरात कुणालाच न सांगितलेलं.
ती हसली, मग हसता हसता
पेला कुठे ठेवायचा ते तिला सुचेना.

प्रयोगाच्या वहीत याला रकाना नाही.
समासात मी पेन्सिलीनं नुसतं लिहिलं : २२.
सकाळी डॉक्टरबाईंनी चष्मा वर सरकवून विचारलं,
हे कुठल्या उंदराचे सेकंद?