आरसा हलवायचा आहे

विश्रामबागेतून फोन आला तेव्हा मी दुकानात
माशांच्या टाकीची काच कापत होतो.
"मुजावर ना? एक आरसा हलवायचाय.
आजच. पौर्णिमा आहे तोवर."

हल्ली असेच फोन येतात.
कुणाला दारावर आठ कोनांचा हवा,
कुणाला जेवणाच्या टेबलासमोर, म्हणजे ताटं दुप्पट दिसतात.
मी कोन मोजतो, हिरा फिरवतो, पैसे घेतो.
काच कुठल्याही दिशेला तोंड करून सारखीच तडकते,
हे गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.

तिसरा मजला. दारात तीन पायांचा बेडूक, तोंडात नाणं,
वर पितळी नळ्यांची किणकिण,
त्याच चौकटीला दसऱ्याचं तोरण, झेंडू वाळून करकरीत.
"मुलानं पाठवलंय सगळं पुण्यातनं," शैलजाबाई मगदूम म्हणाल्या.
"त्याचा एक माणूस आहे, मोबाईलवरच घर बघतो.
म्हणाला, पलंगासमोर आरसा नको.
निजलेली माणसं दुप्पट होतात."

पलंगावर उशी एकच होती.

आरसा जुना, सागवानी चौकटीचा,
गावभागातलं घर विकताना तेवढा आणलेला.
एकोणीसच्या पुरात चार दिवस पाण्यात उभा.
खालच्या अंगाचा पारा गेलाय,
कमरेएवढ्या उंचीवर काळपट रेघ.
समोर उभं राहिलं की वाटतं
आपण अजून पाण्यातच आहोत.

"नवा देतो. पारा परत चढत नाही."
"नको. ह्यांनी धरून ठेवला होता तो, होडी येईस्तोवर."
मग पदरानं चौकट पुसत, "तेव्हा होते."

चार स्क्रू. लिफ्टमध्ये मावेना.
वॉचमन खाली, मी वर, असा जिन्यानं नेला,
गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत टाकायला.
वर अख्खी सोसायटी. गॅसवर पातेलं,
जायफळाचा वास, पोरांची हाउजी.
दम खायला म्हणून पाण्याच्या टाकीला आरसा टेकवला
आणि सगळ्या गच्चीनं हाउजी सोडून माना वळवल्या.
चंद्र वर एक, पातेल्यात एक, टाकीला टेकलेला एक.

"तुमच्यात असतं का हो कोजागिरीचं?" कुणीतरी विचारलं.
"आमच्यात चंद्र कोवळा बघतात, नखाएवढा.
पिकलेला तुमच्यात."
हसले सगळे.
आईचं मात्र सांगितलं नाही.
पोटासाठी ब्लाउज शिवायची,
आजच्या रात्री अंगणात बसून सुईत दोरा ओवायची.
चांदण्यात ओवला की नजर वाढते
हे तिला कुणी शिकवलं होतं, कोण जाणे.
शेवटपर्यंत चष्मा लागला नाही. की घेतला नाही.

शैलजाबाई वाटी घेऊन आल्या, आरशासमोर थांबल्या.
रेघेच्या वर चेहरा, खांद्याशी चंद्र,
खाली नुसता काळोख.
"आज लक्ष्मी विचारत फिरते म्हणे, कोण जागं आहे.
पुरात होडीवाले असंच विचारत होते, बॅटरी मारत,
'वर कोण आहे काऽऽ?'
आम्ही दोघांनी एकदमच ओ दिली होती."

दुधावर साय धरली.
कुणीतरी हाउजीचा आकडा पुकारला, सत्तेचाळीस.

"मुजावर, परत खाली न्या. होता तिथंच."
"आणि मुलगा?"
"त्याला मी स्वयंपाकघर दाखवीन."

जुनी भोकं ढिली झाली होती.
नवे गिट्टे ठोकले, एक विटेत बसेना, साबण लावून बसवला.
खिडकीतून उजेड पलंगावर पडला,
आरशानं तो उचलून दुसऱ्या बाजूला ठेवला,
उशी नव्हती त्या बाजूला.

मी पाहिलं नाही असं केलं,
पान्हे मोजून पिशवीत घातले.
बिलात लिहिलं, आरसा हलवला, एक नग.
खोटं नव्हतं ते.