त्रेचाळीस जण

भाच्यानं पेज काढून दिलं अक्षय्यतृतीयेला.
नाव : तोडकर भडंग, गावभाग, सांगली.
पहिल्या दिवशी त्रेचाळीस जण आले,
त्यातले एकोणतीस आमचेच पाव्हणे.
ते भडंग फुकट खातात.

भाचा इचलकरंजीत शिकतो, त्याला सगळं ठाऊक.
म्हणाला, मामी, थोडं नाचावं लागतं.
चालतं ते गाणं लावायचं,
कढईपुढं पदर खोचून दोन गिरक्या.
मी म्हटलं, तेल तापलंय, बाजूला हो.

मग त्यानं फ्लेक्स आणला,
निळा डोंगर छापलेला,
आणि कढईमागं बांधला, भिंत झाकायला.
माझ्या भिंतीवर पुराची रेघ आहे,
गळ्याइतकी उंच.
तीनदा रंग दिला,
तीनदा ती वर आली,
दुधावर साय यावी तशी, न बोलावता.

फोटोत भडंग निळसर दिसलं,
कुणी डोंगरावर वाळत घातल्यासारखं.
अकरा लाईक.
एक माझाच, चुकून दाबलेला.
श्रावण संपेपर्यंत ऑर्डर आली एक,
मागच्या गल्लीतून :
घरी हायसा का? येते.

भाच्याची परीक्षा लागली, तो गेला.
पत्र्यातून गळायला लागलं
तेव्हा डोंगर काढून चुरमुऱ्याच्या पोत्यावर टाकला.
माझ्या खिडकीत ऊन साडेसातला येतं, आठला जातं.
त्या अर्ध्या तासात
फोन लोणच्याच्या बरणीला टेकवला
आणि लसूण ठेचत बसले.
सालीसकट ठेचते, ते दाखवलं.
शेंगदाणा कुठवर तांबूस करायचा, तेही.
बोलले फारसं नाही.
खाली लिहिलं :
पाव किलो ऐंशी रुपये.
डबल लसूण फक्त शुक्रवारी.
तिखट सोसत नसेल तर मागवू नका.

रात्री पावणेअकराला फोन उजळला.
उत्तम हसबे, मूळ लेंगरे, आता सिलिगुडी,
गलाईचं दुकान, सोनं गाळतो.
काकी, तुमची भिंत बघितली.
त्या पुरात आत्याच्या माडीवर अडकलो होतो
चार दिवस, गावभागातच.
खायला भडंगाचा एक डबा होता.
पार्सल इकडं येतं का?

सिलिगुडी कुठं असतं, मला काय माहीत.
कुरिअरवाल्याला विचारलं, म्हणाला, अकरा दिवस धरा.
अकरा दिवसांत भडंग सादळलं
तर माझं नाव सादळलं.
त्याला लिहिलं : थांबा.
एक पाकीट न्हाणीघराच्या फळीवर ठेवलं, वाफेत.
रोज बाहेरून दाबून बघायचे, आवाज ऐकायचे.
तेराव्या दिवशी फोडलं, कुरकुरीत.
दुसरं चौदाव्याला, मऊ.
दोन्ही त्याला तसंच कळवलं.
म्हणाला, दोन किलो पाठवा, डबल लसूण.

मग त्यानं कुठल्या गलाईवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं, देव जाणे.
कोइमतूर. रोहतक. नेल्लोरहून एक बाई,
तिचं माहेर तासगाव, ती आधी रडकं चिन्ह पाठवते, मग पत्ता.
एकानं लिहिलं, मागच्या खेपेला मीठ जास्त होतं.
भाचा म्हणाला, ते उडवून टाक.
मी नाही उडवलं.
खाली लिहिलं, होय, त्या दिवशी हात चुकला,
अर्धा किलो पुन्हा पाठवतेय.
त्या उत्तराखाली सात ऑर्डरी आल्या.

सगळ्यांना उत्तर देते, रात्री, एका बोटानं.
लसूण सोलून अंगठा इतका झिजलाय
की फोन मला ओळखत नाही,
म्हणतो, पुन्हा प्रयत्न करा.
मी करते.

काल रंगारी आला, दिवाळीचं विचारायला.
म्हटलं, सगळं घर रंगव,
कढईमागची तेवढी भिंत सोड.
ती कामावर आहे.